गिगाबिटची लाइन पुन्हा पुन्हा १०० वर घसरते? राउटर बदलण्याआधी केबल तपासा

तक्रार साधारण एकाच चालीची असते. राउटर गिगाबिटचा (म्हणजे १००० एमबीपीएसचा), लॅपटॉप गिगाबिटचा, प्लॅनही १०० एमबीपीएसच्या बराच वरचा. पण केबलवर वेग मोजला की आकडा ९४-९५ एमबीपीएसवर येऊन थांबतो. प्लग काढून परत घातला की काही दिवस सगळं छान, मग पुन्हा तेच. काही घरांत वेग पडत नाही, पण लाइन अधूनमधून क्षणभर तुटते आणि आपोआप जोडली जाते. मग कुणीतरी येऊन टोक कापतं, नवा प्लग क्रिंप करतं म्हणजे मशीनने दाबून बसवतं, लाइन चालू होते आणि थोड्याच आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न.

टोक बदलून तात्पुरतं बरं होणारं आणि पुन्हा उलटणारं दुखणं बहुतेक वेळा टोकाचं नसतं. तारेचा धातू, केबलचा प्रकार किंवा भिंतीतला तिचा रस्ता यांपैकी काहीतरी त्या टोकाला वारंवार मारत असतं. ते शोधल्याशिवाय क्रिंपिंग मशीन हातात घेण्यात अर्थ नाही.

आधी लक्षण नीट वाचा

मोजलेला वेग आणि लिंकचा वेग, म्हणजे केबलच्या दोन टोकांच्या उपकरणांनी आपसांत ठरवलेला वेग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये किंवा राउटरच्या सेटिंगच्या पानावर त्या पोर्टचा लिंक स्पीड दिसतो. तिथे १००० लिहिलेलं असेल आणि तरीही नेट संथ असेल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही; दोष पुढे कुठेतरी आहे. तिथे १०० दिसत असेल तर मात्र केबलवर संशय घ्यायला पूर्ण जागा आहे. १०० च्या लिंकवर प्रत्यक्ष हाती येतात ते ९४-९५ च, बाकीचे पॅकेटच्या वेष्टनात जातात. गिगाबिटवर साधारण ९४० मिळतात.

आता घसरून नेमकं १०० वरच का येतं? केबलमध्ये चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० ला दोनच पुरतात: पिन १-२ आणि ३-६, म्हणजे नारिंगी आणि हिरवी जोडी. दोन उपकरणं एकमेकांशी वेग ठरवतात तेही याच दोन जोड्यांवरून. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी कुठे तुटली असेल तर दोन्ही बाजू आधी 'गिगाबिट' असं ठरवतात, मग प्रत्यक्ष चारही जोड्यांवर बोलायला जातात आणि अडखळतात. चांगली उपकरणं काही प्रयत्न करून १०० वर उतरतात. ज्यांना ही युक्ती येत नाही त्यांचा दिवा नुसता लागतो-विझतो. नारिंगी किंवा हिरवी तुटली तर लिंकच येत नाही.

म्हणजे केबल न उघडताच तर्क करता येतो. १०० वर स्थिरावतेय तर निळी-तपकिरी बघा, पूर्ण मरतेय तर नारिंगी-हिरवी. टी-५६८-ए आणि टी-५६८-बी या दोन रंगक्रमांत नारिंगी आणि हिरवीच जागा बदलतात, त्यामुळे हा तर्क दोन्हींना लागू पडतो.

लाइन तुटण्याची तक्रार असेल तर आणखी एक गोष्ट आधी निकालात काढा. राउटर किती वेळ चालू आहे हा आकडा त्याच्याच पानावर असतो. लाइन तुटली त्या क्षणापासून तो आकडा शून्यातून सुरू झाला असेल, तर राउटर रीस्टार्ट होतोय. अडॅप्टर किंवा सैल प्लग-सॉकेट बघा, केबलला दोष देऊ नका. फ्रिज किंवा एसी सुरू होताना 'नेट जातं' असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गोष्ट हीच निघते.

भाग पाडत जा

राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सहसा तीन तुकडे असतात: राउटरकडची छोटी पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली तयार केबल), भिंतीतली लांब केबल, आणि खोलीतली पॅच कॉर्ड. लॅपटॉप उचलून राउटरजवळ न्या आणि एका चांगल्या छोट्या कॉर्डने थेट जोडा. १००० आलं तर दोन्ही उपकरणं निर्दोष. मग एकेक तुकडा वाढवत या. कंटाळवाणं वाटतं, पण हे न करता राउटर बदलणारे आणि नव्या राउटरवरही ९४ बघणारे लोक कमी नाहीत.

दिवे लावणारा साधा केबल टेस्टर घरी असेल तर तो लावा, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको. तो फक्त इकडची १ तिकडच्या १ ला मिळते का एवढंच बघतो. समजा कुणी रंग असे लावले: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, हिरवा, निळा-पांढरा, निळा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. डोळ्यांना नीटनेटकं दिसतं, दोन्ही टोकांना तसंच लावलं तर टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात. तरी केबल चुकीची आहे. पिन ३ आणि ६ यांना एकाच पिळातली जोडी असायला हवी. इथे ३ ला हिरव्या जोडीतली तार गेली आणि ६ ला निळ्या जोडीतली. एकमेकींवरचा विद्युत गोंगाट (नॉइज) मारण्यासाठी घातलेला पीळच निकामी झाला. अशी केबल छोट्या अंतरात कधी चालते, कधी चुका करते, लांब अंतरात दगा देते. बरोबर क्रम, बी पद्धतीचा: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. निळी जोडी हिरवीच्या दोन तारांच्या मधोमध बसते. प्लग पारदर्शक असतो, त्यामुळे हे न कापताही तपासता येतं. उजेडात धरा आणि रंग वाचा.

तांबं की तांब्याचा मुलामा

वारंवार उलटणाऱ्या दुखण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच. बाजारात कॅट ५ई, कॅट ६ अशी दर्जाची नावं छापलेल्या कितीतरी केबलच्या तारा आतून ॲल्युमिनियमच्या असतात, वर तांब्याचा पातळ थर. तिला सीसीए म्हणतात. नेटवर्क केबलिंगची मानकं पूर्ण तांब्याची तार मागतात, त्यामुळे सीसीए केबल कॅट ६ म्हणून विकली तरी ती त्या मानकात बसत नाही.

ॲल्युमिनियम ठिसूळ. प्लगच्या सोनेरी दात्यांखाली दाबलेली तार, रोज थोडी हलणारी, थंडी-उन्हात आकसणारी-फुगणारी, हळूहळू भेगाळते. नवा प्लग लावला की नवा, न तुटलेला तुकडा दात्यांखाली येतो म्हणून चालू होतं. मग तोही त्याच वाटेने जातो. 'दर काही आठवड्यांनी क्रिंप करावं लागतं' या तक्रारीचा उलगडा इथे होतो. याला क्रिंपिंगमध्ये इलाज नाही, केबल बदलणं हाच आहे.

ओळखायचं कसं? एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखा रंग दिसला तर मुलामा. नुसता कापलेला छेद बघून फसायला होतं, कारण कात्रीच्या दाबाने तांबं छेदावर पसरतं. म्हणून बाजूने खरवडायचं. तीच तार त्याच जागी पुढे-मागे वाकवा, ॲल्युमिनियम लवकर तुटतं. वजनही बोलतं: तांब्याची घनता सुमारे ८.९, ॲल्युमिनियमची २.७, त्यामुळे सीसीएचं भेंडोळं हातात घेतल्यावर हलकं लागतं.

केबल भिंतीत असेल आणि टोकं तोडायची नसतील तर मल्टिमीटर कामाला येतो. आधी दोन्ही बाजूंची उपकरणं काढा. पीओई, म्हणजे डेटा केबलवरूनच उपकरणाला वीज देण्याची सोय, असेल तर ते बंद असल्याची खात्री करा. लांबच्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना जोडा आणि इकडून ओहम मोजा; मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध आधी मोजून वजा करा. २४ गेजच्या (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड) तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ८४ ओहम असतो. म्हणजे ३० मीटर केबलवर जाऊन-येऊन ६० मीटर तार, सुमारे ५ ओहम. कॅट ६ मध्ये बहुधा २३ गेजची जाड तार असते, तिथे ४ च्या आसपास यायला हवं. ७-८ ओहम दिसले तर मुलाम्याची तार समजा. चारही जोड्या मोजा. तीन जोड्या ५ दाखवतायत आणि एक ९ वर नाचतेय, मीटरचा आकडा प्लग हलवल्यावर बदलतोय, तर केबल तांब्याची आहे पण त्या जोडीचं एक टोक सैल आहे. अशा वेळी क्रिंपिंग खरंच पुरतं. केबलची लांबी माहीत नसेल तर आवरणावर दर मीटरला छापलेले आकडे दोन्ही टोकांना वाचून वजाबाकी करा.

केबलवरूनच कॅमेऱ्याला वीज देत असाल तर सीसीएचा त्रास आणखी वेगळ्या रूपात येतो: कॅमेरा दिवसा व्यवस्थित, रात्री सतत रीस्टार्ट. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते आणि तारेत व्होल्टेज गळतं. १२ व्होल्ट थेट दोन जोड्यांवरून पाठवणारी साधी व्यवस्था घ्या. ३० मीटरवर १ अँपिअर वाहताना २४ गेजच्या तांब्यात अडीच व्होल्ट जातात, म्हणजे कॅमेऱ्यापाशी साडेनऊ उरले. सीसीएमध्ये जवळपास ४ व्होल्ट जातात. मानकातलं पीओई ४४ ते ५७ व्होल्टवर चालतं, त्यामुळे प्रवाह कमी आणि गळतीही कमी. पण तारेत होणारी उष्णता तिथेही मुलाम्याच्या केबलमध्ये जास्तच, आणि अनेक केबल एकत्र बांधलेल्या असतील तर ती निघायला जागा नसते. सीसीएवर पीओई नकोच.

कोणती केबल घ्यावी

घरासाठी कॅट ६, पूर्ण तांब्याची, बिनशिल्डची (तारांभोवती धातूचं वेष्टन नसलेली). एवढ्यावर मी थांबेन. कॅट ५ई गिगाबिट १०० मीटरपर्यंत नेते, त्यामुळे भिंतीत आधीच चांगली ५ई असेल तर नुसत्या नावासाठी ती उपटू नका. कॅट ६ वर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत चालतं, घरातलं अंतर त्याहून कमीच असतं. कॅट ६ए १०० मीटरपर्यंत १० गिगाबिट देते, पण ती जाड आणि ताठ असते. अरुंद पाइपात आणि छोट्या बॉक्समध्ये तिच्याशी झटापट करावी लागते. कॅट ८ डेटा सेंटरमधल्या ३० मीटरच्या जोडणीसाठी आहे. कॅट ७ चं नाव छापलेल्या, नेहमीचा प्लग लावलेल्या चपट्या कॉर्डकडे तर बघूही नका. चपट्या केबलमध्ये तारा बारीक आणि पीळ नावापुरता. गालिच्याखालून न्यायला सोयीची म्हणून लोक घेतात आणि मग पायाखाली तुडवली गेल्यावर पहिली ओरड तिचीच.

भिंतीतून जाणारी केबल एकसंध तारेची हवी आणि भिंतीवरच्या जॅकमध्ये (प्लग घालायच्या सॉकेटमध्ये) संपायला हवी. अनेक बारीक तारांच्या पिळाची मऊ केबल फक्त पॅच कॉर्डसाठी. हा फरक प्लगलाही लागू आहे: एकसंध तारेचे प्लग आणि मऊ तारेचे प्लग यांचे दाते वेगळ्या घडणीचे असतात. मऊ तारेचा प्लग एकसंध तारेवर मारला तर दाता तारेत घुसू बघतो, तार बाजूला सरकते, संपर्क आज आहे उद्या नाही. म्हणून भिंतीतल्या केबलला थेट प्लग लावण्यापेक्षा जॅक लावावा. ओढाताण होते ती पॅच कॉर्डची आणि ती बदलायला मिनिटही लागत नाही. टोक लावताना जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आत जाऊन पकडीखाली दाबलं जाईल असं बघा. तारा बाहेर लोंबत असलेला प्लग कुठेही दिसला की तोच पहिला संशयित.

शिल्डची केबल 'जास्त चांगली' म्हणून घेण्यातही तथ्य नाही. शिल्डला जॅक, पॅनल आणि अर्थिंग सगळी साखळी नीट हवी. ती नसेल तर शिल्ड कामाला येत नाही, उलट त्रासाचं एक जास्तीचं ठिकाण तयार होतं.

रस्ता

इथे सुरक्षेचा मुद्दा वेगाच्या आधी येतो. डेटा केबलचं आवरण घरातल्या मुख्य विजेच्या दाबासाठी बनवलेलं नसतं. विजेच्या वायरींच्याच पाइपातून ती ओढली आणि ओढताना एखाद्या वायरीचं आवरण खरचटलं, तर तो दाब थेट राउटरच्या पोर्टपर्यंत, कॅमेऱ्याच्या धातूच्या कवचापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून एकाच पाइपात किंवा एकाच स्विचबोर्डच्या बॉक्समध्ये दोन्ही कधीही नकोत, जागा कितीही कमी असो. शेजारी बॉक्स ठेवा किंवा मधे पक्का पडदा असलेला बॉक्स घ्या. भिंतीत आधीच असं मिसळलेलं आढळलं तर डेटा केबल ओढून काढण्याआधी मेन स्विच बंद करा आणि वीज तपासायच्या टेस्टरने (केबल टेस्टरने नव्हे) खात्री करा; विजेच्या वायरींना हात लावायचं काम परवानाधारक वायरमनचं.

समांतर धावताना २०-३० सेंटिमीटरचं अंतर ठेवण्याचा रिवाज चांगला आहे. तुमच्याकडच्या वायरिंग नियमांत किमान अंतर दिलेलं असेल तर ते पाळणं बंधनकारक. ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. ट्यूबलाइटचे चोक, मोटार, इन्व्हर्टर यांच्यापासून लांब.

पाइप निवडताना आजची केबल मोजू नका, रिकामी जागा मोजा. आतल्या छेदाच्या ४० टक्क्यांपलीकडे भरलेला पाइप म्हणजे ओढताना केबल ताणली जाणारच. बाहेरून २५ मिलिमीटरच्या पाइपात ६ मिलिमीटर जाडीच्या कॅट ६ केबल हिशोबाने चार बसतात, वळणं असली तर तीनवर थांबा. दोन ओढपेट्यांच्या (केबल ओढण्यासाठी पाइपात बसवलेल्या बॉक्सच्या) मधे काटकोनाची दोनपेक्षा जास्त वळणं नकोत. ओढायचा जोर साधारण ११ किलोच्या वर गेला तर जोड्यांचा पीळ ताणला जातो. बाहेरून काही दिसत नाही आणि केबल नवी असूनही लिंक १०० वर येते. केबल अडली तर जोर वाढवू नका, दुसऱ्या बाजूने थोडी ढकला किंवा केबल ओढण्यासाठी मिळणारं वंगण लावा. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपट तरी हवी, म्हणजे कॅट ६ साठी अडीच सेंटिमीटर. जॅकमागच्या बॉक्समध्ये उरलेली केबल घडी घालून कोंबणं ही इथली नेहमीची चूक. हलकं वेटोळं करून ठेवा. प्लास्टिक टाय आवळून बांधू नका, केबल टायमधून बोटाने सरकायला हवी. स्टेपल ठोकलेली जागा दिसली तर आवरण दबलंय का ते बघा. भिंतीत चित्रासाठी ठोकलेल्या खिळ्यानेही केबल जाते आणि लक्षण बरोबर तेच असतं, एक जोडी गायब.

पावसात बिघडणारी आणि उन्हात सुधारणारी लाइन

हे लक्षण असेल तर बाकी काही बघू नका, केबलचा बाहेरचा भाग बघा. घरातल्या वापराचं पीव्हीसी आवरण उन्हात कडक होतं, बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते, मग भेगा. पाणी आत शिरतं आणि आवरणाच्या आतल्या आत उतरत थेट जॅकपर्यंत येतं. जॅकमध्ये हिरवट कीट दिसला तर पाणी तिथवर पोहोचलेलं आहे. तेवढा तुकडा सुकवून चालू होतो, पण पुढच्या पावसात पुन्हा. बाहेरून जाणारी केबल काळ्या पॉलिइथिलीन आवरणाची, बाहेरच्या वापराचीच हवी. घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडेल. भिंतीचं छिद्र बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. मात्र हीच काळी केबल घरभर फिरवू नका, पॉलिइथिलीन सहज पेट घेतं. आत आल्यावर लवकरात लवकर घरातल्या केबलशी जोडा. आतल्या केबलसाठी कमी धुराचं, हॅलोजनविरहित आवरण मिळत असेल तर ते घ्या. साधं पीव्हीसी जळताना धुराबरोबर हायड्रोजन क्लोराइड सोडतं.

दोन वेगळ्या इमारतींमध्ये तांब्याची डेटा केबल टाकू नका. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असतो आणि जवळपास वीज पडली तर तो फरक केबलवरून तुमच्या पोर्टमध्ये उतरतो. तिथे फायबर. काचेतून वीज वाहत नाही. फक्त तिच्या सोबतीला धातूची आधारतार नसलेली केबल निवडा.

फायबरचा विषय निघालाच आहे तर एवढंच: बाहेरून येणारी फायबर कॉर्ड तुमच्या मोडेममध्ये जात असेल आणि लाल दिवा अधूनमधून लागत असेल, तर आधी ती फर्निचरमागे दुमडली आहे का ते बघा. घरातल्या वापराची वाकसहिष्णू फायबर १० मिलिमीटर किंवा त्याहून लहान त्रिज्या सोसते, जुन्या प्रकाराला ३० लागतात. टोक डोळ्यासमोर धरून कधीही बघू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण असतो.

दुरुस्तीनंतर लिंक १००० आली म्हणून लगेच बॉक्स बंद करू नका. घरातल्याच दोन कॉम्प्युटरमध्ये एखादी मोठी फाइल कॉपी करायला लावा, त्या वेळी प्लग आणि जॅकजवळची केबल हलकेच हलवा, आणि नेटवर्क स्विच किंवा राउटरच्या पानावर पोर्टच्या चुकांचा, म्हणजे सीआरसीचा, आकडा बघा. तो शून्यावर राहिला पाहिजे. वाढत असेल तर लिंक १००० दाखवत असली तरी एखादी जोडी अजून दुखरी आहे. त्या टोकाचा रंगक्रम आणि ओहम पुन्हा मोजा.